एका वाक्याचे अठरा तास

1977 साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला पिवळी अक्षरं पडद्यावर खालून वर सरकत जातात. त्यातलं एक वाक्य एवढंच सांगतं, की बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या एका महाभयंकर अस्त्राचे आराखडे पळवले आहेत. हे हेर कोण, त्यांनी ते कसं साधलं, पुढे त्यांचं काय झालं, याचा चित्रपटात पत्ता नाही. 121 मिनिटांच्या गोष्टीत तेवढी सवडच नव्हती. या वाक्याचा 2016 मध्ये 133 मिनिटांचा ‘रोग वन’ झाला. मग त्यातल्या कॅसियन अँडोर या हेराच्या आधीच्या पाच वर्षांवर टोनी गिलरॉय यांनी ‘अँडोर’ ही मालिका उभी केली. 2022 आणि 2025 मिळून 24 भाग, 18 तासांहून जास्त.

ते अस्त्र म्हणजे डेथ स्टार. व्यास 160 किलोमीटर. आकडा ऐकून कुणी दचकणार नाही, मुंबई-पुणे अंतराहून थोडाच मोठा. पण हा गोळा आहे, आणि गोळ्याचा हिशेब घनात करावा लागतो. घनफळ येतं सुमारे 21 लाख घन किलोमीटर. आत तीन-तीन मीटर उंचीचे मजले घातले तर 53 हजार मजले होतात आणि त्या सगळ्यांचं क्षेत्रफळ भरतं 71 कोटी चौरस किलोमीटर. समुद्रांसकट अख्ख्या पृथ्वीचा पृष्ठभाग 51 कोटी! निम्मी जागा यंत्रांना सोडली, तरी उरलेले मजले पृथ्वीवरच्या सगळ्या जमिनीच्या दुपटीहून जास्त.

2012 मध्ये अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी 140 किलोमीटर व्यास धरून नुसत्या पोलादाचा खर्च काढला. उत्तर आलं 852 आणि त्यापुढे पंधरा शून्यं, इतके डॉलर. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं एकापासून चढत परार्धाला, म्हणजे 1 वर 17 शून्यांना, येऊन थांबतात. हा खर्च साडेआठ परार्ध. जगात तेव्हा होत असलेल्या उत्पादनाच्या वेगाने एवढं पोलाद करायला 8 लाख 33 हजार वर्षं लागली असती. डेथ स्टार खरंच बांधा, असा हजारो सह्यांचा अर्ज अमेरिकी सरकारकडे गेला, तेव्हा जानेवारी 2013 मध्ये व्हाइट हाउसने तो नाकारताना हाच खर्च पुढे केला.

चित्रपटाला हे सगळं दोन तासांत दाखवून मोकळं होता येतं. मालिकेचं गणित वेगळं. जॉर्ज लुकास यांनी ‘स्टार वॉर्स’ची मालिका करायची 2005 मध्येच जाहीर केली होती. पन्नासच्या वर भाग लिहूनही झाले. पण ते जग आठवड्या-आठवड्याला पडद्यावर उभं करायचं तर दर भागाचा खर्च दूरचित्रवाणीला झेपणारा नव्हता, म्हणून ती संहिता तशीच पडून राहिली. 2012 मध्ये डिस्नेने त्यांची कंपनी 405 कोटी डॉलरना विकत घेतली आणि 2019 मध्ये ‘द मँडलोरियन’ आली. 20 फूट उंच, वर्तुळाचा पाऊण भाग व्यापणाऱ्या एलईडी भिंतीवर आकाश आणि वाळवंटं दाखवून तिने खर्चाला लगाम घातला. ‘अँडोर’ने ती भिंत वापरली नाही. फेरिक्स हे गाव इंग्लंडमध्ये खरोखर बांधलं, गल्लीबोळांसकट. गिलरॉय यांनीच सांगितलेला 24 भागांचा खर्च 65 कोटी डॉलर, म्हणजे साडेपाच हजार कोटी रुपयांच्या घरात. भागाला 2 कोटी 70 लाख डॉलर पडले. 1977चा आख्खा चित्रपट 1 कोटी 10 लाखांत झाला होता. महागाई धरली तरी ‘अँडोर’चे दोन-सव्वादोन भाग म्हणजे तो एक चित्रपट.

आधी बेत पाच वर्षांसाठी पाच पर्वांचा होता. पहिलंच पर्व करताना लक्षात आलं, की या गतीने नायक डिएगो लुना पडद्यावर पाच वर्षांत दहा-बारा वर्षांनी म्हातारा दिसेल. मग उरलेली चार वर्षं दुसऱ्या पर्वात घेतली, वर्षाला तीन भाग. माझ्या मते या कात्रीनेच मालिका उभी राहिली. मधल्या वर्षांत काय घडलं ते माणसांच्या चेहऱ्यांवरून ओळखायचं.

आणि डेथ स्टार? पहिल्या पर्वात तो जवळजवळ नाहीच. आहे तो नार्किना तुरुंग, पाच हजार कैद्यांचा. एका खोलीत 49 माणसं, सात टेबलं, प्रत्येकावर सात जण, बारा तासांची पाळी. मागे पडणाऱ्या टेबलाला विजेचा झटका. ते कसले तरी सुटे भाग जोडत राहतात, कशाचे ते त्यांना कधीच कळत नाही. आपल्याला कळतं ते शेवटच्या भागाची श्रेयनामावली संपल्यावर: यंत्रमानव तेच भाग डेथ स्टारच्या किरणास्त्रात बसवत असतात. साडेआठ परार्धांचा गोळा सात माणसांच्या एका टेबलावर मोजून दाखवणं मोठ्या पडद्याला साधलं नव्हतं.

मूळ चित्रपटात डेथ स्टार अल्डरान या ग्रहाचा चुरा करतो. पृथ्वीएवढा ग्रह त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उधळायला जी ऊर्जा लागेल, ती सूर्याने जवळजवळ सात दिवस सर्व दिशांना फेकलेल्या एकूण ऊर्जेइतकी आहे. अल्डरानवर 2 अब्ज लोक होते आणि चित्रपट त्यांच्यावर काही सेकंद खर्च करतो. त्यांच्यातला एकही चेहरा दिसत नाही. ‘अँडोर’ घोरमन या ग्रहावरच्या एका चौकातल्या हत्याकांडाकडे मात्र पर्वभर चालत येते. तिथल्या जमिनीतलं खनिज डेथ स्टारला हवं असतं. विणकर, हॉटेलातला पोऱ्या, खोट्या बातम्या देणारे वार्ताहर सगळे आपल्या ओळखीचे झालेले असतात, आणि मग गोळीबार सुरू होतो. अल्डरानच्या 2 अब्जांपैकी एका शहराला कुणी असे बारा भाग दिले, तर मी ते पहिल्याच दिवशी बघायला बसेन.