रिळांत उरलेला काळ : विसाव्या शतकारंभीच्या भारताची चित्रणे

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत सावेदादा म्हणून ओळखले जाणारे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीकदादा व कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली. केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरलेले र. पु. परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही सावेदादांनी चित्रण केले. कलकत्त्यात हीरालाल सेन यांनी १९०५ च्या वंगभंगविरोधी आंदोलनावर कॅमेरा रोखला. सावेदादांची ही रिळे आज उपलब्ध नाहीत आणि सेन यांचे काम १९१७ च्या आगीत जळाले. भारतीयांनी टिपलेला त्या काळाचा भारत असा बहुतांशी नाहीसा झाला. मागे उरली ती मुख्यत्वे राज्यकर्त्यांच्या आणि परदेशी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये. त्यामुळे ही जुनी चित्रणे पाहताना पडद्यावर काय दिसते याइतकेच ते कोणी, कोणासाठी आणि कुठे उभे राहून टिपले हेही तपासावे लागते.

भारताच्या उपलब्ध चित्रणांपैकी सर्वांत जुन्या चित्रणांतले एक १८९९ सालचे आहे. त्याच्या नावात कलकत्त्याचा उल्लेख असला, तरी नावेतून सरकत जाणारा कॅमेरा प्रत्यक्षात वाराणसीचे घाट दाखवतो. पायऱ्या, छत्र्या, स्नानाला उतरलेली माणसे, काठावरची मंदिरे हे सारे खरे आहे. चुकीचे आहे ते नाव. परदेशी प्रेक्षकाला कलकत्ता आणि काशी यांत फरक करण्याची गरज नव्हती, आणि विक्रेत्याला ओळखीचे नाव सोयीचे होते. जुन्या चित्रणाची पाटी हा पुरावा मानण्याआधी इमारती, पेहराव, दुकानांवरच्या पाट्या आणि भूगोल यांच्याशी ती ताडून पाहावी, हा या अभ्यासाचा पहिला धडा या रिळाने घालून दिला आहे.

दिल्ली दरबार हा या काळात सर्वाधिक चित्रित झालेला भारतीय प्रसंग. १२ डिसेंबर १९११ रोजी ब्रिटिश राजा पंचम जॉर्जपुढे संस्थानिक एकेक करून मानवंदना देत होते आणि अनेक कंपन्यांचे कॅमेरे तिथे सज्ज होते. चार्ल्स अर्बन यांच्या कंपनीने तर हा सोहळा किनेमाकलर पद्धतीने रंगांत टिपला. या पद्धतीत कृष्णधवल फिल्म फिरत्या लाल आणि हिरव्या काचांमधून घेतली आणि दाखवली जाई. फेब्रुवारी १९१२ पासून लंडनच्या स्काला थिएटरात हा सुमारे अडीच तासांचा खेळ गाजला. त्याचा बहुतेक भाग आज नष्ट झाला आहे.

याच दरबारात बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यावर राजाचा अवमान केल्याचा आरोप झाला. ठरलेल्या रीतीनुसार वाकून अभिवादन करायचे आणि राजाकडे पाठ न करता मागे सरायचे होते. महाराजांनी त्रोटक अभिवादन केले आणि ते वळून निघाले, असे त्यांच्या विरोधकांचे म्हणणे होते. या क्षणाचे चित्रण लंडनच्या चित्रगृहांत दाखवले गेले आणि ते पाहायला गर्दी लोटली. राष्ट्रीय चळवळीविषयी महाराजांना सहानुभूती असल्याचा संशय सरकारला आधीपासून होता, त्यामुळे काही सेकंदांच्या हालचालीला राजद्रोहाचा रंग चढला. महाराजांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपला गोंधळ उडाल्याचे कळवले. कॅमेरा पाऊल आणि पाठ दाखवतो. मनातला हेतू तो दाखवू शकत नाही. पत्रे, वृत्तपत्रे आणि सरकारी दप्तर शेजारी ठेवल्याखेरीज या दृश्याचा अर्थ लागत नाही.

तंत्राच्या मर्यादाही समजून घ्याव्या लागतात. तेव्हाचा कॅमेरा हाताने हँडल फिरवून चाले आणि सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी टिपल्या जात. पुढे २४ चौकटींच्या वेगाने तीच रिळे दाखवली गेली आणि माणसे तुरुतुरु धावू लागली. ही घाई त्या काळाची नव्हे, यंत्राची आहे. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ उमटत नसे. म्हणून लाल पगडी काळी दिसते आणि निळे आकाश पांढरे पडते. पेहरावाच्या रंगांविषयी अशा चित्रणावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

कथाचित्रेही नकळत दस्तऐवज बनतात. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा पहिला जाहीर खेळ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झाला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, कारण पडद्यावर यायला स्त्रिया तयार नव्हत्या. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मात्र फाळके यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. काही वर्षांत घरातल्या मुलीने पडद्यावर येण्यापर्यंत मजल गेली, हा सामाजिक बदल या चित्रपटांतून दिसतो. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या लघुपटाच्या उरलेल्या तुकड्यांत खुद्द फाळके नटांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात. एका नव्या धंद्याची कार्यशाळाच तिथे पाहायला मिळते.

१९३० पर्यंत कॅमेरा भारतीयांच्या हाती स्थिरावला होता. दांडीयात्रेचे चित्रण भारतीय कंपन्यांनी केले आणि मुंबई सरकारने अशा चित्रपटांवर बंदी घातली. तमिळ पत्रकार ए. के. चेट्टियार यांनी देशोदेशी हिंडून गांधीजींची विखुरलेली चित्रणे गोळा केली आणि १९४० मध्ये त्यांतून घडवलेला माहितीपट प्रदर्शित केला. दरबाराच्या चित्रणात दोरीपलीकडे उभी असलेली सामान्य माणसे येथे चौकटीच्या मध्यभागी आली.

एवढे असूनही उरलेला साठा तुटपुंजा आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच बऱ्यापैकी सलग स्वरूपात टिकले. नायट्रेट फिल्म सहज पेट घेते, उष्ण-दमट हवेत चिकट होऊन तिची भुकटी होते, आणि चांदी काढण्यासाठीही जुनी रिळे विकली गेली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तेथील पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून फाळक्यांच्या चित्रपटांसह बरेच काही वाचवले. तरीही २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागून मोठी हानी झाली.

जुन्या वाड्यांत, संस्थानी घराण्यांत, बंद पडलेल्या चित्रगृहांत अजूनही डबे पडून असतील. असा डबा सापडल्यास रीळ प्रक्षेपकावर चढवू नये, उन्हात किंवा विस्तवाजवळ ठेवू नये आणि भंगारातही देऊ नये. थंड, कोरड्या जागी ठेवून संग्रहालयाला कळवावे आणि त्यात कोण, कुठे, केव्हा आहे हे सांगू शकणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांची माहिती त्याच वेळी लिहून ठेवावी.