खोबरेल, कोको आणि पुदिना

घरची भट्टी : लेखांक 9

तंजावरात खोबरेल थिजत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा सोडल्या तर बाटलीतलं तेल वर्षभर पातळच राहतं. पुण्या-नाशकाकडे थंडीत तीच बाटली उन्हात नाहीतर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी लागते. खोबरेल साधारण 24-25 अंशांना वितळतं, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली हवा बहुतेक काळ त्याहून गरम असते. थंड देशांत बेतलेली व्हीगन कुकीची कृती जशीच्या तशी तिथे केली, तर ट्रेवर तेलकट, पसरट पापड्या मिळतात. दोष कृतीचाही नाही आणि करणाऱ्या हाताचाही नाही. त्या कृतीने खोबरेल घट्ट असेल असं गृहीत धरलेलं असतं, आणि इथे ते घट्ट नसतं.

म्हणून या आठवड्याच्या पुदिना-चॉकलेट कुकीजसाठी मी मुद्दाम तंजावर निवडलं. जी कृती तंजावरच्या मे महिन्यात टिकेल ती नागपुरात, सोलापुरात, मुंबईतही टिकेल. शिवाय नारळ आणि तांदूळ या दोन्ही गोष्टी तिथे घराबाहेर पडलं की मिळतात. पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडु हा सगळा नारळाचा पट्टा. नोव्हेंबर 2018 मध्ये ‘गज’ चक्रीवादळाने तिथली लाखो झाडं आडवी केली. नवं रोप लावलं की फळ हाती यायला वर्षं जातात, त्यामुळे त्या बागायतदारांचं नुकसान एका हंगामाचं नव्हतं. आपण कुकीत खोबरेल वापरतो ते या झाडांचं, हे मला विसरावंसं वाटत नाही.

तंजावर निवडण्याचं आणखी एक कारण आहे. सतराव्या शतकात, व्यंकोजीराजांच्या काळापासून, मराठी स्वयंपाक तिथे रुजला. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांचा आश्रय लाभलेले रघुनाथ गणेश नवहस्त हे रामदासस्वामींच्या स्नेहातले पंडित. त्यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात धान्यं, भाज्या, फळं, दूध, तूप यांचे गुणदोष एकेक करून सांगितले आहेत. पुढे सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींची मराठी पोथीही सरस्वती महाल ग्रंथालयाने जपली. पदार्थ करण्याआधी जिन्नसाचा स्वभाव ओळखावा, ही नवहस्तांची पद्धत. आज आपण स्निग्धाचा स्वभाव ओळखू, कारण व्हीगन भाजकामातली निम्मी फजिती तिथेच होते.

लोणी आणि खोबरेल यांत दोन मोठे फरक आहेत. पहिला पाण्याचा. बाजारातल्या लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्ध असतं, उरलेलं बहुतेक पाणी. खोबरेल म्हणजे जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध. त्यामुळे 100 ग्रॅम लोण्याऐवजी 100 ग्रॅम खोबरेल घातलं तर स्निग्ध वाढतं आणि पाणी कमी पडतं. पिठाला ओल मिळत नाही, गोळा भुसभुशीत होतो आणि भाजताना तेल सोडतो. तेव्हा 100 ग्रॅमच्या जागी 80 ग्रॅम खोबरेल घ्या आणि कमी पडणारी ओल नारळाच्या दुधाने भरून काढा.

दुसरा फरक वितळण्याचा. लोणी हळूहळू मऊ होत जातं. फ्रीजमधून काढल्यापासून पूर्ण वितळेपर्यंत त्याची बरीच अंशांची वाट असते, आणि त्या वाटेवर कुठेतरी ते साखरेबरोबर फेटायला अगदी योग्य होतं. साखरेच्या कणांच्या कडा त्या मऊ लोण्यात हवेचे बुडबुडे अडकवतात, आणि कुकी हलकी होते. खोबरेलाला अशी लांब वाट नाही. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, त्यामुळे ते पाच-सहा अंशांच्या पट्ट्यातच दगडाचं पाणी होतं. फ्रीजमधून काढलेलं खोबरेल फुटतं, फेटलं जात नाही. जरा बाहेर ठेवलं की ते पातळ होतं, आणि पातळ तेल हवा धरून ठेवत नाही.

यावर एक उपाय सांगितला जातो. तेलाचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहायचं, ते दाटसर आणि पांढरट झालं की लगेच फेटायचं. पंचवीस अंशांच्या स्वयंपाकघरात हे जमतं. पस्तीस अंशांत नाही, कारण फेटताना होणाऱ्या घर्षणानेही तेल पुन्हा वितळतं. तंजावरसाठी माझं स्पष्ट मत आहे की फेटण्याचा नादच सोडावा. तेल पातळच घ्यावं, हवा भरण्याचं काम सोड्यावर सोपवावं आणि आकार धरण्याचं काम फ्रीजवर. पिठाचा गोळा किमान एक तास थंड झाला की त्यातलं खोबरेल घट्ट होतं. ओव्हनमध्ये ते वितळायला लागेपर्यंत कडा सेट व्हायला लागतात आणि कुकी पसरण्याआधी उभी राहते. त्या तासाभरात पिठाला ओलही नीट शोषता येते.

महागडं ‘व्हीगन बटर’ आणायची गरज नाही. त्यातही बहुतेकदा अशीच वनस्पती तेलं आणि पाणी असतं.

अंड्याबद्दल फार बोलायला नको. केकमध्ये अंडं वगळणं अवघड, कुकीत सोपं. कुकीचा सांगाडा पीठ आणि साखर यांचा असतो. अंडं तिथे मुख्यतः ओल आणि चिकटपणा देतं. चमचाभर जवसाची पूड पाण्यात भिजवली की त्यातला चिकट अंश तेवढं काम करतो. काबुली चण्याच्या शिजवणीचं पाणी फेटून अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस करता येतो, हे 2014-15 च्या सुमारास फ्रान्स-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी दाखवून दिलं. तमिळ घरांत नवरात्रात सुंडलसाठी चणे शिजतात तेव्हा ते पाणी हाताशी असतंच. पण इथे त्याची गरज नाही.

ज्यांना अंडं-लोणी नसलेलं भाजकाम नवं आणि उपरं वाटतं, त्यांनी आपली नानकटाई आठवावी. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तुपाचा डबा घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचं, भट्टीवर घाणे भाजून घ्यायचे आणि पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे, हा महाराष्ट्रातल्या गावोगावचा रिवाज होता. डालड्यातल्या त्या नानकटाईत दुधाचा थेंब नसायचा. फक्त त्या काळच्या वनस्पतीत ट्रान्स फॅट भरपूर असे. आता जानेवारी 2022 पासून आपल्याकडे त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. खोबरेल आपोआप घट्ट होतं, त्याला हायड्रोजन देऊन गोठवावं लागत नाही, म्हणून ट्रान्स फॅटचा प्रश्न येत नाही. संपृक्त स्निग्ध मात्र त्यात खूप आहे. कुकी ही खाऊच आहे, औषध नव्हे, हे लक्षात ठेवून खावी.

आता चॉकलेट. पाकिटावर ‘डार्क’ लिहिलं म्हणजे त्यात दूध नाही असं धरू नका. अनेक डार्क चॉकलेटांत दुधाचे घन पदार्थ किंवा दुधाचं स्निग्ध असतं. हिरवा ठिपका शाकाहाराचा, आणि आपल्या शाकाहारात दूध बसतं. व्हीगनसाठी वेगळी खूण आहे. एफएसएसएआयने 2022 मध्ये व्हीगन पदार्थांचे स्वतंत्र नियम केले तेव्हापासून ती पाकिटांवर दिसते. खूण नसेल तर घटकांची यादी वाचा. तिथे कोको बटरऐवजी पाम किंवा हायड्रोजनेटेड तेल दिसलं तर ते ‘कंपाउंड’ आहे. ते उन्हात कमी वितळतं, पण चवीला मेणचट लागतं. मी ते वापरत नाही.

कोको पावडर दोन तऱ्हेची येते. साधी पावडर किंचित आंबट आणि फिकट तपकिरी. दुसरी क्षार घालून तिची आंबटता मारलेली, गडद रंगाची. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या व्हॅन हाउटेन घराण्याने रूढ केली. सोडा फुलायला आंबटपणा लागतो, म्हणून आपल्याला साधी पावडर हवी. कोकोची झाडं तमिळनाडूत पोल्लाची-आनैमलैच्या पट्ट्यात नारळाच्याच सावलीत वाढतात. म्हणजे ही जोडी बागेतही शेजारी आहे.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. भाजलेल्या कुकीवर चॉकलेटचा लेप द्यायचा मोह होतो, आणि चॉकलेट पातळ करायला लोक त्यात खोबरेल घालतात. कोको बटर आणि खोबरेल यांचे स्फटिक एकमेकांत जुळत नाहीत. मिश्रण दोघांपेक्षाही मऊ राहतं. तंजावरात तो लेप फ्रीजबाहेर कधीच सुकणार नाही, बोटांना चिकटेल. लेप नकोच. चॉकलेटचे तुकडे पिठातच घाला.

पुदिना या पदार्थाचा प्राण आहे, आणि चूकही तिथेच सर्वात जास्त होते. कोथिंबीर-कढीपत्त्याबरोबर मिळणारी आपली पुदिन्याची जुडी बहुतेकदा स्पिअरमिंटच्या कुळातली. तिचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. चटणीला उत्तम, पण जिभेला गारवा देत नाही. गारवा मेंथॉलचा, आणि ते पेपरमिंटमध्ये आणि उत्तर प्रदेशात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या मेंथा पुदिन्यात असतं. मेंथॉल तापमान कमी करत नाही. जिभेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला ते थेट जागं करतं. ही ग्राही 2002 मध्ये सापडली. तिच्या शोधात वाटा असलेल्या डेव्हिड जुलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

ताजी पानं वाटून पिठात घालू नयेत. त्यांच्यात पाणी असतं, रंग भाजताना मळकट होतो आणि चव भाजीसारखी येते. खाण्याच्या दर्जाचं पेपरमिंट तेल तीन-चार थेंब, बास. ते अतिशय जहाल असतं, चमच्याने मोजायची वस्तू नाही. मेंथॉल उडून जातं, म्हणून ते कोमट झालेल्या खोबरेलातच मिसळावं. स्निग्धात ते टिकून राहतं. पानांची ओढ असेलच तर सावलीत वाळवलेल्या पानांची पूड साखरेबरोबर चुरडून घाला. गारवा नाही, पण सुगंध छान येतो.

आता कृती. साधारण 18 कुकीज होतील. चमचाभर जवसाची पूड 30 मिली पाण्यात दहा मिनिटं भिजवा. 80 ग्रॅम खोबरेल कोमट करा आणि त्यात पेपरमिंट तेल, 50 ग्रॅम साखर, 50 ग्रॅम गुळाची पूड, चमचाभर घट्ट नारळाचं दूध आणि भिजलेलं जवस घालून एकजीव होईपर्यंत घोटा. तमिळनाडूत मिळणारी ‘नाट्टु सक्करै’ गुळाच्या पुडीऐवजी फार चांगली. गुळाची ओल कुकीचा मधला भाग मऊ ठेवते. साखर पांढरी करताना हाडांचा कोळसा वापरतात अशी परदेशातल्या व्हीगनांना काळजी असते. आपल्या बहुतेक कारखान्यांत साखर गंधकाच्या धुराने स्वच्छ होते.

वेगळ्या भांड्यात 100 ग्रॅम मैदा, 30 ग्रॅम कोरडं तांदळाचं पीठ, 30 ग्रॅम कोको पावडर, पाव चमचा सोडा आणि पाव चमचा मीठ दोनदा चाळा. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, त्यामुळे कुकीला नानकटाईसारखा खुसखुशीतपणा येतो. पीठ ओलसर तांदळाचं घेऊ नका, इडियाप्पमसाठी भाजून ठेवलेलं असेल तर तेच घ्या. कोरडं ओल्यात मिसळा, मळू नका. 80 ग्रॅम चॉकलेटचे तुकडे शेवटी घाला. तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मग लिंबाएवढे गोळे करून हलके दाबा आणि ट्रेसकट पुन्हा दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

ओव्हन 170 अंशांवर आधीच तापलेला हवा. 11-12 मिनिटांत कडा घट्ट होतात. मधला भाग मऊ दिसेल, तरी बाहेर काढा. कोकोमुळे रंगावरून काही कळत नाही, घड्याळ पाहा. ट्रेवरच दहा मिनिटं गार होऊ द्या, गरम उचलली की मोडते. दुसरा घाणा तापलेल्या ट्रेवर कधीही लावू नका. गोळा ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात मिठाचा थर तापवून, वर जाळी ठेवून, झाकून भाजता येतात. वेळ जास्त लागतो आणि खालची बाजू आधी होते, म्हणून ताटलीखाली दुसरी ताटली ठेवा.

उन्हाळ्यात डबा फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर चॉकलेटचे तुकडे वितळून पुन्हा गोठतात आणि पांढरट पडतात. ती बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर आहे, खायला हरकत नाही.

पहिल्या खेपेला सगळा ट्रे भरू नका, दोनच कुकीज भाजून पाहा. पसरल्या तर गोळा अजून अर्धा तास थंड करा, अजिबात नाही पसरल्या तर उरलेले गोळे जरा जास्त दाबा. मग बाकीच्या भाजा.