निवासी इमारतींचे संरचना-परीक्षण

निवासी इमारतींचे संरचना-परीक्षण : वापरात असलेल्या इमारतीचे पाया, खांब, तुळया, स्लॅब, भिंती, जिने व सज्जे हे भार वाहणारे घटक कोणत्या अवस्थेत आहेत, त्यांत कोणते दोष उत्पन्न झाले आहेत व त्यांवर कोणती उपाययोजना करावी, हे ठरविण्यासाठी स्थापत्य अभियंत्याने केलेली पद्धतशीर तपासणी. व्यवहारात तिला ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ असे म्हणतात. बांधकाम चालू असताना साहित्य व कारागिरी प्रत्यक्ष पाहता येतात. जुन्या घराचे बहुतेक घटक मात्र गिलावा, फरशी व रंग यांखाली झाकलेले असतात आणि घरात माणसे राहत असतात. त्यामुळे या कामात मोजमापाइतकेच महत्त्व निर्णयाला असते. चुकून सुरक्षित ठरविलेली इमारत रहिवाशांच्या जिवावर बेतते, तर चुकून धोकादायक ठरविलेली इमारत अनेक कुटुंबांचा निवारा हिरावून घेते.

कायद्याची चौकट : या विषयाचे व्यावहारिक रूप मुंबईत सर्वांत स्पष्टपणे दिसते. तेथील जुन्या भाड्याच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्यान्वये उपकर बसविण्यात आला. ही जबाबदारी सांभाळणारे मंडळ १९७७ पासून महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाचा (म्हाडाचा) भाग आहे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी हे मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी प्रसिद्ध करते. इतर खाजगी इमारतींच्या बाबतीत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ यातील कलम ३५३ ब लागू होते. त्यानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी महानगरपालिकेकडे नोंदणी झालेल्या संरचना अभियंत्याकडून करून घ्यावी लागते.

तपासणीनंतर इमारत चारपैकी एका वर्गात घातली जाते. ‘सी–१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची इमारत. ‘सी–२ अ’ म्हणजे रिकामी करून, प्रसंगी काही भाग पाडून मोठी दुरुस्ती करावयाची. ‘सी–२ ब’ म्हणजे रहिवासी आत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करता येईल अशी, आणि ‘सी–३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरेशी असलेली. अहवालातील इतर मजकूर सहसा कोणी वाचत नाही. या एका संज्ञेवर मात्र घरमालक, भाडेकरू व प्रशासन या सर्वांचे पुढील वर्तन अवलंबून असते.

ऱ्हासाची कारणे : जुन्या चाळींमध्ये लाकडी सांगाडा, विटांचे भराव व कडीपाट आढळतात. त्यांत तुळयांची भिंतीत रुतलेली टोके ओलाव्याने कुजतात किंवा वाळवी त्यांना आतून पोखरते. त्यानंतरच्या प्रबलित काँक्रीटच्या इमारतींत सळया गंजणे हा मुख्य दोष होय. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून त्याची क्षारता कमी करतो. समुद्राकडून येणारे वा खाडीच्या न धुतलेल्या वाळूतून आलेले क्लोराइड सळईवरील संरक्षक थर भेदते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे आवरणाचे काँक्रीट फुटते व त्याच्या खपल्या पडतात. संडास-न्हाणीतील गळती या क्रियेस वेग देते.

पाहणीतील अडचणी : परीक्षणाचा आरंभ डोळ्यांनी केलेल्या पाहणीने होतो व पहिले अडथळेही तेथेच येतात. मूळ नकाशे व गणिते बहुधा उपलब्ध नसतात. काही खोल्यांना कुलूप असते, तर काही रहिवासी आत येऊ देत नाहीत. सजावटीच्या छताने वा नव्या रंगाने भेगा झाकलेल्या असतात. गळती पावसाळ्यात दिसते, पण तपासणी अनेकदा उन्हाळ्यात होते. काढलेल्या भिंती, गच्चीवर वाढविलेल्या पाण्याच्या टाक्या, नवे पोटमाळे यांची कागदोपत्री नोंद नसते. मुंबईत घाटकोपर येथील चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील कामात खांबांना बाधा आल्याचा आरोप त्या वेळी झाला. तळमजल्यावर कोणाला व कोणत्या कामासाठी प्रवेश आहे, हा प्रश्न म्हणूनच परीक्षकाने प्रथम विचारणे आवश्यक ठरते.

चाचण्या व त्यांच्या मर्यादा : हातोडीने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज हे सर्वांत जुने व आजही उपयुक्त असे साधन आहे. उसळी-हातोड्याने पृष्ठभागाचा टणकपणा मोजून काँक्रीटच्या बलाचा अंदाज करतात. हा अंदाज सु. २५ टक्क्यांपर्यंत अधिक-उणा असू शकतो व कार्बनीभवन झालेल्या जुन्या काँक्रीटमध्ये बल वाजवीपेक्षा पुष्कळच जास्त दिसू शकते, असे १९९२ च्या भारतीय मानकातच नमूद होते. श्राव्यातीत तरंगांचा काँक्रीटमधील वेग दर सेकंदाला ३ किमी.पेक्षा कमी असल्यास ते संशयास्पद मानण्याचा संकेतही त्याच काळातील मानकाने दिला. परंतु ओलावा आणि तरंगाच्या दिशेने असलेल्या सळया यांमुळे वेग फसवा वाढतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन टाकले असता निरोगी भाग गुलाबी होतो व कार्बनीभवन झालेला भाग रंगहीन राहतो. ताम्र-ताम्र सल्फेट अर्धघटाशी तुलना करता सळईचे वर्चस् ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असल्यास गंज चालू असण्याची संभाव्यता ९० टक्क्यांहून जास्त समजतात; मात्र गंजाचा वेग त्यावरून कळत नाही. काँक्रीटचे गाभे कापून घेणे ही अधिक प्रत्यक्ष चाचणी असली, तरी आधीच दुर्बल झालेल्या खांबास छिद्र पाडणे धोक्याचे असते व थोड्या गाभ्यांवरून संपूर्ण इमारतीविषयी अनुमान काढावे लागते.

यामुळे चाचण्यांच्या सरासरीवरून वर्ग ठरविणे अयोग्य ठरते. शंभर घटकांपैकी नव्वद उत्तम असले, तरी तळमजल्यावरील एक खांब चिरडत असल्यास इमारत असुरक्षित असते. याउलट सज्जे व संडासाचे स्लॅब पुष्कळ खराब होऊनही मुख्य सांगाडा दुरुस्तीयोग्य असू शकतो. भेग जुनी आहे की वाढत आहे हे कळण्यासाठी तिच्यावर काचेची पट्टी बसवून तारीख लिहितात. पट्टी तडकल्यास हालचाल चालू असल्याचे समजते.

अहवालातील निर्णय : चांगल्या अहवालात तीन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात : काय आढळले, त्यावरून काय संभवते आणि काय पाहता आले नाही. कुलूपबंद खोल्या व झाकलेले घटक यांची यादी दिल्याखेरीज ‘इमारत सुरक्षित आहे’ या विधानाला अर्थ राहत नाही. जबाबदारी टाळण्यासाठी प्रत्येक घटकापुढे ‘अधिक तपासणी आवश्यक’ असे लिहिले, तर खरा इशारा त्या गर्दीत हरवतो. ‘सी–१’ हा निष्कर्ष देताना दुरुस्ती का शक्य नाही, हे घटकवार सांगावे लागते. तत्काळ धोका आढळल्यास अहवाल पूर्ण होण्याची वाट न पाहता टेकू लावण्यास व संबंधित भाग रिकामा करण्यास लेखी कळविणे, हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

परीक्षकाचे शुल्क सहसा हितसंबंध असलेला पक्षच देतो. पुनर्विकास इच्छिणाऱ्या मालकाचा अहवाल व घर सोडू न इच्छिणाऱ्या भाडेकरूंचा अहवाल एकाच इमारतीविषयी परस्परविरोधी असल्याची उदाहरणे आहेत. अशा प्रसंगी महानगरपालिकेची तांत्रिक सल्लागार समिती दोन्ही अहवाल तपासून मत देते. इमारत नष्ट झाली, तरी केवळ त्यामुळे भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्यामुळे रिकाम्या करावयाच्या इमारतीतील प्रत्येक गाळ्याचा ताबेदार व क्षेत्रफळ यांच्या नोंदीस विशेष महत्त्व आले आहे.

अहवाल अचूक असला, तरी त्यावर कार्यवाही होतेच असे नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईच्या भेंडीबाजारातील शंभराहून अधिक वर्षे जुनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. ती २०११ मध्येच धोकादायक म्हणून घोषित झाली होती. तरीही काही कुटुंबे तेथे राहत होती. पर्यायी निवारा दूर असणे, रोजगाराचे ठिकाण सुटणे व परत येण्याची खात्री नसणे या कारणांनी रहिवासी धोका पत्करतात. म्हणून परीक्षणाचा अहवाल रहिवाशांना समजेल अशा मराठीत व त्यांच्या हाती पडेल अशा रीतीने देणे आणि त्यासोबत स्थलांतराची सोय स्पष्ट करणे, हा परीक्षणाचाच उत्तरार्ध मानला पाहिजे.