गोधडीची नक्षी येते कुठून?

धंद्याच्या गोष्टी निघाल्या की आमचे कारागीर बंधू एक तक्रार हमखास करतात : नवे डिझाइन आणायचे कुठून? बाजारात जे चालते त्याचीच नक्कल करावी, तर शेजारच्या गल्लीतला दोन पैसे कमी करून तोच माल देतो. मग मजुरी सुटणेही मुश्किल. जरीवाला, शिंपी, सुतार, सर्वांपुढे हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आज आपण गोधडी शिवणाऱ्या बायकांकडून घेऊ. गोधडीला भांडवल म्हणून लागतात त्या चिंध्या आणि सुईदोरा. बाकी सगळी नजरेची कमाई.

प्रथम जवळचे उदाहरण. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम होते आणि तेथून पळून घाटातील जंगलात वसले. या समाजात मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बायका शिवतात त्या गोधडीला ‘कवंदी’ म्हणतात. जुनी साडी अंथरून एका कोपऱ्यापासून ठिगळे लावायला सुरुवात होते. कडेकडेने धावदोरा घालत, फिरत फिरत काम मध्यावर येते. घरातल्या जुन्या कपड्यांतून जे रंग निघतील, त्यांतूनच नक्षी जमते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी ठिगळे बसवतात. त्यांना ‘फुला’, म्हणजे फुले, म्हणतात. त्यांच्याशिवाय कवंदी उघडी समजली जाते. काही मुसलमान बायकांच्या कवंदीवर चंद्रकोर असते, काही ख्रिस्ती बायकांच्या कवंदीवर क्रूस. फूल, चंद्रकोर, क्रूस या सर्व रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टी.

आता दूरचे उदाहरण. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे खेडे आहे. येथील कृष्णवर्णीय कुटुंबेही कापसाच्या मळ्यावरील गुलामांचे वंशज. घरे लाकडी; थंडी आत येऊ नये म्हणून भिंतींना वर्तमानपत्रांचे कागद चिकटवलेले. त्या चौकोनी कागदांची मांडणी बघत मुली वाढल्या आणि तीच मांडणी गोधडीत उतरली. एका नमुन्याचे नावच ‘घराचे छप्पर’ : चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. दुसरा ‘वीटकाम’. शेतात झिजलेल्या विजारींचे कापडही वाया जात नसे. खिसा उसवला की तेथे गडद रंगाचा तुकडा निघतो. तोही नक्षीत बसवला जाई. १९४२ साली तेथील मिसूरी पेटवे या बाईने नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. ती पुढे संग्रहालयाच्या प्रदर्शनात मांडली गेली.

व्यापारी बंधूंनी विचार करावा अशी गोष्ट पुढे आहे. १९६६ साली त्या भागातील बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ साली तिला सीअर्स या मोठ्या कंपनीकडून कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या अभ्र्यांची ऑर्डर मिळाली. पैसा नियमित आला, पण काम ठरल्या मापाचे, सगळे नग सारखे. स्वतःच्या कल्पनेला वाव नाही. मात्र उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्यांतून मनासारख्या गोधड्या शिवल्या. त्या अभ्र्यांची आज कोणाला आठवण नाही. गोधड्या मात्र २००२ साली ह्यूस्टन व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या.

पण नाव झाले म्हणजे दाम मिळाला असे नाही. नमुन्यांच्या हक्काचा व मोबदल्याचा वाद होऊन २००७ साली तेथील काही बायकांना कोर्टात जावे लागले. २००८ साली तडजोड झाली. नजर आपली, हात आपला. मग कागदही आपल्या नावाचा हवा.

यातून आमच्या कारागिरांनी काय घ्यावे? एक, चौकटीच्या कागदाची वही जवळ ठेवावी. जाळी, फरशी, शेताचे बांध, कुंडीतले पान, जे नजरेत भरेल ते लगेच उतरवावे. दोन, चिंध्या रंगवार लावून दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. विजेच्या दिव्याखाली रंग फसवतात. तीन, ऑर्डरचे काम जरूर करावे, घर त्यावरच चालते. पण आठवड्यातून थोडा वेळ आपल्या मनाच्या कामाला द्यावा. चार, नमुना खरोखर नवा असेल तर तो बाजारात दाखवण्यापूर्वीच नोंदणीचा विचार करावा. आपल्या देशात डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणी झाल्यास दहा वर्षे हक्क मिळतो व पुढे पाच वर्षे वाढवता येतो. एकदा नमुना सर्वांपुढे आला की ती नोंदणी मिळणे कठीण.

नक्कल करणाऱ्याला भावावर लढावे लागते. ज्याचा नमुना स्वतःचा, त्याच्याकडे गिऱ्हाईक नाव विचारत येते. ही पुंजी घरात, अंगणात पडलेली आहे. तिला व्याज द्यावे लागत नाही.