गुरदासपूर : रावीकाठचा सीमावर्ती जिल्हा

महाराष्ट्रातील वाचकांस पंजाबमधील गुरदासपूर जिल्हा परिचित असेल तो बहुधा घुमानमुळे. संत नामदेवांनी उत्तरायुष्याचा दीर्घ काळ बटाल्याजवळील या गावी व्यतीत केला, अशी तेथील दृढ परंपरा आहे. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्याने तेथील शेतकऱ्यास ते परप्रांतीय वाटत नाहीत. संक्रांतीच्या सुमारास घुमानला त्यांची जत्रा भरते. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथेच झाले.

दुसरा दुवा नांदेडचा. १७०८ मध्ये गोदातीरी गुरू गोविंदसिंगांची भेट झाल्यावर बंदासिंह बहादूर पंजाबात गेले आणि १७१५ मध्ये याच जिल्ह्यातील गुरदास नंगल येथे मोगलांच्या वेढ्यात सापडले. अनेक महिने उपासमार सोसल्यानंतरच ती गढी पडली. जवळच्या कलानौर येथे १५५६ मध्ये अकबराचा राज्याभिषेक झाला होता.

जिल्ह्याचे आजचे रूप मात्र १९४७ ने घडविले. मुसलमानांची संख्या निम्म्याहून किंचित अधिक असल्याने तात्पुरत्या विभागणीत हा जिल्हा पाकिस्तानकडे दर्शविला होता. सीमा आयोगाचा निवाडा जाहीर झाला तो स्वातंत्र्यानंतर, १७ ऑगस्ट रोजी. चार तहसिलींपैकी रावीपलीकडील शकरगड पाकिस्तानात गेली. गुरदासपूर, बटाला आणि पठाणकोट भारतात राहिल्या. (पठाणकोट २०११ पासून स्वतंत्र जिल्हा आहे.) आपले गाव कोणत्या देशात, हे ठाऊक नसतानाच असंख्य कुटुंबांना घर सोडण्याचा निर्णय करावा लागला.

शकरगड भागातून आलेल्या अशाच एका कुटुंबातील शिवकुमार हा मुलगा पुढे पंजाबीतील श्रेष्ठ विरहकवी ठरला. 'लूणा' या काव्यनाट्यास १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. नावापुढे त्याने 'बटालवी' लावले, म्हणजे आसरा देणाऱ्या गावाचे नाव. बटाला तसे ओतीव लोखंडाच्या कारखान्यांचे, रोखठोक व्यवहाराचे शहर. काव्याशी त्याचे नाते जुळले ते या कवीमुळे.

शकरगडबरोबर करतारपूरही पलीकडे गेले. गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची वर्षे तेथे शेती करीत घालविली. डेरा बाबा नानक येथील सीमेपासून ते जेमतेम साडेचार किलोमीटर. तरी अनेक वर्षे भाविकांना अलीकडून दुर्बिणीतूनच दर्शन घ्यावे लागे. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी व्हिसाविना जाण्याचा मार्ग खुला झाला. साथीमुळे मार्च २०२० पासून वीस महिने तो बंद राहिला, आणि सीमेवरील संघर्षानंतर मे २०२५ मध्ये भारताच्या बाजूने पुन्हा बंद करण्यात आला.