युद्धनौकांवरचे अनाम चेहरे

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु एकोणिसाव्या शतकातील युद्धनौकांवरच्या खलाशांची छायाचित्रे जमविणारे छांदिष्टही जगात आहेत. नौकांची चित्रे पुष्कळ मिळतात. त्या चालविणाऱ्या माणसांची मात्र दुर्मिळ. असे का?

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या काचेवर फोटो घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काचेला रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्यापूर्वी धुवायची. म्हणजे अंधारखोली बरोबर न्यावी लागे. शिवाय काही सेकंद सर्वांनी निश्चल बसायचे. हेलकावणाऱ्या जहाजावर हे कसे जमणार? म्हणून असे फोटो बहुधा नौका नांगरलेली असताना, स्वच्छ उन्हात घेतलेले असतात. ज्याचा हात हलला त्याचा हात धुरकट दिसतो.

या छंदाचे मर्म एका उदाहरणावरून कळेल. अमेरिकेतील यादवी युद्धात ९ जुलै १८६२ रोजी जेम्स गिब्सन याने 'मॉनिटर' या चिलखती नौकेच्या डेकवर खलाशांचे फोटो घेतले. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ती वादळात बुडाली आणि १६ जण गेले. २००२ मध्ये तिचा तोफेचा बुरूज समुद्रातून वर काढला, तेव्हा आत दोन सांगाडे सापडले. कवट्यांवरून त्यांचे चेहरे घडवून २०१२ मध्ये लोकांपुढे ठेवले. कोणी वंशज ओळखील ही आशा! पण ओळख पटली नाही. २०१३ मध्ये अनाम म्हणूनच त्यांचे दफन झाले. हजेरीपटात नावे होती, फोटोत चेहरे होते. कोणते नाव कोणत्या चेहऱ्याचे, हे मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. 'मॉनिटर'च्याच धर्तीच्या 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' या दोन बुरूजनौका मुंबई बंदराच्या रक्षणासाठी इंग्लंडात बांधल्या गेल्या. त्यांचे जलावतरण १८७० मध्ये झाले. मुंबईत १८५४ पासून फोटोग्राफिक सोसायटी होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. आणि खलाशी? सरकारच्या सागरी दलात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची माणसे भरती होत, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. सारंग, टंडेल हे आपल्या बंदरांतले शब्द इंग्रजांनी जसेच्या तसे उचलले. शब्द उचलले, नावे मात्र नाही! जुन्या फोटोखाली साहेबाचे नाव असते. आपल्या माणसांना बहुधा 'लस्कर' हा एकच शब्द.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या आधीच्या पिढ्यांनी कागदावर काही लिहिले नाही, कारण लिहिता येत नव्हते. अशा माणसांचा इतिहास कुठे शोधायचा? मला वाटते, असा फोटो म्हणजे त्यांनी न लिहिलेले पान आहे.

तो वाचायचा कसा? टोपीच्या फितीवर किंवा जीवरक्षक कड्यावर नौकेचे नाव असते, ते भिंगातून पाहावे. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर तो मूळ फोटो नव्हे, छापील चित्र समजावे. त्या काळच्या पुष्कळशा प्रती अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर काढून जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत. त्यांना पिवळसर तपकिरी झाक असते. फोटो कडांना धरावा, उन्हात ठेवू नये, चिकटपट्टी कधीही लावू नये. मागे लिहायचे ते मऊ पेन्सिलीने.

कोणी म्हणेल, आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरला समुद्र कुठे आहे? समुद्र नाही, पण समुद्र पाहिलेली माणसे आहेत. अंबरनाथला नौदलासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. कोकणातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे आहेत. फाळणीनंतर कराचीहून बोटीने आलेल्यांची मुले-नातवंडे उल्हासनगरात आहेत. या घरांतल्या ट्रंकांत एकोणिसाव्या शतकातला फोटो क्वचितच निघेल, पण त्यानंतरचे निघतील. चोरबाजारात जाऊन महागडे फोटो विकत घेणे आपल्याला परवडणारे नाही. आजीजवळ बसून "हा कोण? हा कुठल्या बोटीवर होता?" असे विचारायला मात्र पैसे पडत नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, येत्या सुट्टीत एवढे करा. फोटोंच्या मागे नावे लिहा. चेहरा कागद टिकवील. नाव टिकवायचे काम आपले आहे.