शर्यतीचे जुने टायर आणि थिनरचा वास

पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं हल्ली शर्यतीची गाडी स्वतः बांधतात. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ म्हणून ओळखला जाणारा हा स्पर्धाप्रकार १९८१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाला. आपल्याकडची ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. गाडी एकाच माणसाची, उघड्या चाकांची. पेट्रोलवर चालणारी असेल तर इंजिन ७१० सीसीपर्यंतचं. सांगाडा मुलं वेल्डिंग करून उभा करतात, इंजिन मोटरसायकलचं बसवतात. घोडं अडतं ते टायरपाशी. दहा किंवा तेरा इंची रिमवर बसणारा, रुंद आणि नक्षी नसलेला ‘स्लिक’ टायर चौकातल्या दुकानात मिळत नाही. बरेच संघ तो अमेरिकेतून मागवतात. वाहतूक आणि सीमाशुल्क धरलं की वर्गणी काढून चालणाऱ्या संघाचं कंबरडं मोडतं.

म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. मागच्या बॅचचे, दुसऱ्या महाविद्यालयाने विकायला काढलेले टायर घेतले जातात. त्यात गैर काहीच नाही. मला तर या खटपटीचं कौतुकच वाटतं. पण जुना स्लिक दिसायला नव्यासारखा असतो आणि तिथेच फसगत होते.

रबराच्या लांबलचक रेणूंना गंधकाचे पूल एकमेकांशी बांधून ठेवतात. टायर कारखान्यातून बाहेर पडला तरी हे काम पूर्ण थांबत नाही. शर्यतीत टायर तापतो, नंतर थंड होतो. अशा प्रत्येक फेरीत आणखी पूल तयार होतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोनही आपापल्या परीने रबर खातात. परिणामी रबर कडक होतं, रस्त्याच्या बारीक खाचांत शिरत नाही आणि पकड जाते. (वयाबरोबर ताठर होत जाणाऱ्या रोहिण्या रोज पाहणाऱ्याला यात नवल वाटत नाही.) बऱ्याच कार्यशाळांत वेल्डिंग मशीनच्या शेजारीच टायरांची चळत असते. वेल्डिंगच्या ठिणगीतून ओझोन तयार होतो, म्हणजे टायर ठेवायला याहून वाईट जागा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कडक झालेला टायर मऊ करायला काही जण त्यावर टोल्युइन, झायलीन किंवा सरळ रंगाचं थिनर चोळतात. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरच्या आणि गो-कार्टच्या शर्यतींत हा प्रकार जुना आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत पकड वाढवणारी द्रव्यं टायरला लावायला मनाई आहे, पण सरावाच्या टायरला कोण विचारतो? या द्रव्यांनी रबर फुगतं आणि वरचा थर थोडा वेळ मऊ होतो. गंधकाचे पूल मात्र तसेच राहतात. द्रव्य उडून जातं आणि जाताना रबरातली तेलं नि संरक्षक रसायनंही बाहेर ओढतं.

ते उडून जातं ते चोळणाऱ्याच्या नाकात. या वाफा हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात आणि मुलं तिथेच उकिडवी बसून काम करत असतात. आधी डोकं हलकं होतं, मग दुखतं, मळमळतं. थोड्या वेळाने वास येईनासा होतो. हवा शुद्ध झालेली नसते, नाक सरावलेलं असतं.

यातलं सर्वांत लबाड द्रव्य हेक्झेन. काही थिनर, गोंद आणि ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यांत ते असतं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन तयार होणारा पदार्थ लांब नसा पोखरतो, म्हणून सुरुवात पायांपासून होते. १९६०च्या दशकात जपानमध्ये सँडल चिकटवणाऱ्या कामगारांना हा त्रास झाला. १९९९-२०००च्या सुमारास कॅलिफोर्नियात ब्रेक क्लीनर वापरणाऱ्या मोटर मेकॅनिकांमध्येही तो सापडला. सोबत मिथाइल इथाइल कीटोन असेल तर इजा अधिक होते, आणि थिनरमध्ये अशी मिश्रणं सर्रास असतात.

अशा रुग्णाला आम्ही एक साधा प्रश्न विचारतो : चालताना चप्पल पायातून नकळत निसटते का? उत्तर ‘हो’ आलं, पायाला मुंग्या येत असल्या, जिना चढणं जड जात असलं, तर नसांची तपासणी करावी लागते. यावर उतारा नाही. बी-१२ची इंजेक्शनं घेऊन ही नस सुधारत नाही. शिवाय संपर्क थांबवल्यावरही काही आठवडे ते महिने अशक्तपणा वाढतच जातो, आणि घरच्यांना वाटतं की औषध चुकलं.

मुलं म्हणतात, आम्ही मास्क लावतो. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचं काडतूस असलेला श्वसनमास्क लागतो. इस्पितळातले पातळ हातमोजे टोल्युइन काही मिनिटांत भेदून जातं. आणि टोल्युइन चार-पाच अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. वेल्डिंगची ठिणगी जवळ असताना ही माहिती ठेवलेली बरी.

त्यापेक्षा जुना टायर घेतानाच पारखावा. ‘ड्युरोमीटर’ नावाचं रबराची कडकता मोजणारं छोटं यंत्र मिळतं आणि ते टायरच्या संचापुढे अगदीच स्वस्त आहे. नव्या स्लिकचा आकडा विचारून घ्यावा, जुन्याचा बराच वर असेल तर सोडून द्यावा. विकणाऱ्याला टायर किती वेळा तापला ते विचारावं. रस्त्यावरच्या टायरवर शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. शर्यतीच्या सगळ्याच टायरांवर ते नसतात. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून मागणी नोंदवली तर वाहतूक वाटून जाते. कडक संच सरावात गाडी सरळ चालवून ब्रेक आणि गिअर तपासायला ठेवावा, वळणांवर जोर लावायला नाही. विकत घेतलेले टायर काळ्या पिशवीत बांधून उन्हापासून आणि वेल्डिंगपासून दूर ठेवावेत.

ज्यांनी आधीच थिनर चोळलं आहे आणि ज्यांच्या पायांना मुंग्या येत आहेत, त्यांनी डॉक्टरकडे जाताना त्या डब्याच्या लेबलाचा फोटो काढून न्यावा.